रुतलेले वाहन आणि दोरात साठणारी ऊर्जा

चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर उभे राहिले असता प्रथम डोळ्यांत भरते ती तेथील वाळूची रुंदी. रस्त्यापासून पाण्यापर्यंत पायी जातानाही माणसाला दम लागतो. ही वाळू तेथे पूर्वीपासून इतकी नव्हती. शहराचे नाव मद्रास असताना, १८७५ नंतरच्या काळात, तेथे बंदराच्या भिंती समुद्रात बांधण्यास आरंभ झाला. या किनाऱ्यालगत वर्षाचा बराच काळ वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहत असते. बंदराच्या भिंतींनी तिची वाट अडविली, तेव्हा ती दक्षिण बाजूस साठत गेली आणि मरीनाचा किनारा रुंदावला. उलट बंदराच्या उत्तरेस, रायपुरमच्या बाजूस, समुद्र जमीन खात राहिला.

अशा सैल वाळूत मोटारीचे चाक शिरले की काय होते, हे किनाऱ्यावर राहणाऱ्यांस सांगावे लागत नाही. चाक गरगर फिरते, वाळू मागे उडते आणि गाडी पुढे जाण्याऐवजी खाली जाते. शहराच्या दक्षिणेकडील वेळच्चेरी आणि पळ्ळिकरणै या भागांत वाळूऐवजी पाणथळ, चिकण जमीन आहे. ईशान्य मोसमी पाऊस कोसळू लागला की तेथील चिखल हेच काम अधिक निष्ठुरपणे करतो. १ डिसेंबर २०१५ रोजी सुरू झालेल्या अतिवृष्टीत तांबरम येथे चोवीस तासांत सुमारे ४९ सेंटीमीटर पाऊस पडला. त्या पुरात चेन्नईतील असंख्य वाहने पाण्यात आणि गाळात अडकून पडली.

वाहन रुतणे ही आपत्ती खरी. परंतु त्याने सहसा कोणाचा जीव जात नाही. जीव जातो तो बहुधा ते बाहेर काढताना. मदतीस धावलेली माणसे हाताशी येईल तो दोर घेतात, सापडेल तेथे बांधतात आणि दुसऱ्या गाडीने हिसका देतात. तो दोर किंवा त्याचे टोक ज्यात अडकविले आहे ते लोखंड तुटले, तर आजूबाजूच्या माणसांवर ते गोळीसारखे येऊन आदळते. असे का घडते आणि ते कसे टाळावे, हे समजण्यास फारसे गणित लागत नाही. चाक, दोर आणि कप्पी यांचे साधे नियम पुरेसे होतात.

चाक का रुतते?

प्रथम दाबाचा विचार करू. मोटारीच्या एका चाकावर ५०० किलोग्रॅम भार आहे आणि टायरमधील हवेचा दाब दर चौरस सेंटीमीटरला २.२ किलोग्रॅम आहे असे धरले, तर टायरचा जमिनीला टेकणारा भाग स्थूलमानाने २२७ चौरस सेंटीमीटर असतो. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटीमीटर वाळूस सव्वादोन किलोग्रॅमच्या आसपास भार सोसावा लागतो. उभ्या माणसाच्या तळपायाखाली हा दाब पाव किलोग्रॅमच्या जवळपास असतो. म्हणूनच ज्या वाळूवरून माणूस निर्धास्त चालत जातो, तीत गाडी रुतते.

याचे आश्चर्यकारक उदाहरण चेन्नईजवळच पाहावयास मिळते. शहराच्या पश्चिमेस आवडी येथे १९६१ मध्ये अवजड वाहनांचा कारखाना स्थापन झाला आणि १९६५ मध्ये ‘विजयंता’ रणगाडा तेथून बाहेर पडला. पुढे आवडीच्याच संशोधन संस्थेने ‘अर्जुन’ रणगाड्याचा आराखडा सिद्ध केला. पहिल्या अर्जुन रणगाड्याचे वजन सुमारे ५८ टन. तरीही त्याचा जमिनीवरील दाब दर चौरस सेंटीमीटरला एक किलोग्रॅमहून कमी, म्हणजे साध्या मोटारीच्या चाकाहून कमी आहे. रणगाड्याचा भार लांबरुंद पट्ट्यांवर पसरलेला असल्यामुळे हे घडते. किती वजन आहे यापेक्षा ते किती जागेवर पसरले आहे, याला महत्त्व अधिक.

चाक थोडेसे रुतले की दुसरी अडचण उभी राहते. खळग्यात बसलेल्या चाकापुढे वाळूची लहानशी चढण तयार होते आणि पुढे जाण्यासाठी चाकाला ती सतत चढावी लागते. चालक घाबरून वेग वाढवितो. चाक घसरून फिरू लागते, पृष्ठभागाशी असलेली त्याची पकड घटते आणि ते फावड्यासारखे वाळू उपसू लागते. अखेरीस गाडीचे पोट वाळूवर टेकते. आता गाडीचा भार चाकांवर नसून पोटावर आहे. भारच नाही तर चाकाला पकड कोठून मिळणार? म्हणून चाक जागच्या जागी फिरू लागताच गती देण्याचे थांबविणे, ही सुटकेची पहिली पायरी होय.

दोराआधीचे उपाय

सर्वांत सुरक्षित साधन तेच, ज्यात दोर ताणावा लागत नाही. ते बहुधा गाडीतच असते.

वाळूत टायरमधील हवा कमी करणे हा उपाय ऐकण्यास विचित्र वाटतो, परंतु वरील हिशेब त्याचे कारण सांगतो. दाब २.२ वरून १.१ वर आणला, तर टेकणारे क्षेत्र सुमारे दुप्पट, म्हणजे ४५४ चौरस सेंटीमीटर होते. टायर लांबट होऊन वाळूवर पसरतो आणि बुडण्याऐवजी तरंगतो. ब्रिटिश सैन्यातील अभियंता राल्फ बॅग्नोल्ड याने १९२० ते १९४० च्या दरम्यान इजिप्त आणि लिबियाच्या वाळवंटांतून साध्या मोटारी नेल्या, त्यातही या युक्तीचा वाटा होता. वाळूच्या हालचालींवरील त्याचा शास्त्रीय ग्रंथ १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. हवा मर्यादेहून फार कमी केल्यास मात्र टायर कडीवरून निसटण्याचा धोका असतो. पक्क्या रस्त्यावर येताच, वेग घेण्यापूर्वी, हवा पुन्हा भरावी लागते. कारण मऊ टायर वेगात सतत दुमडत राहतो, तापतो आणि फुटू शकतो.

दुसरा उपाय फावड्याचा. चाकांपुढची वाळूची चढण काढून तेथे उतरता मार्ग करावा आणि गाडीच्या पोटाखालची वाळू उपसावी. ज्या गाडीसाठी दोन टनांची ओढ लागली असती, ती अर्ध्या तासाच्या खोदकामानंतर पुष्कळदा अगदी थोड्या ओढीने निघते. गाडी केवळ जॅकवर उचललेली असताना तिच्याखाली हात अथवा डोके घालणे मात्र सर्वथा वर्ज्य आहे. सैल जमिनीत जॅक कलतो आणि गाडी क्षणार्धात खाली येते.

तिसरा उपाय चाकाखाली घालावयाच्या फळ्यांचा. चिखलात रुतलेल्या बैलगाडीच्या चाकाखाली दगड, फांद्या आणि पाचोळा घालण्याची रीत महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत सर्वांना परिचित आहे, तत्त्व तेच. बॅग्नोल्डला कैरोतील जुन्या लोखंडाच्या दुकानात पन्हळीसारखे पोलादी पाट सापडले. पहिल्या महायुद्धात खंदकांवर छप्पर घालण्यासाठी ते तयार केलेले होते. त्याने ते चाकांखाली घालून गाड्या बाहेर काढल्या. आज याच कामासाठी दातेरी पृष्ठभागाच्या हलक्या प्लास्टिकच्या फळ्या मिळतात. फळी चाकाखाली शक्य तेवढी आत सरकवावी आणि गाडी अगदी मंद गतीने चढवावी. चाक फळीवर घसरू लागले तर दाते झिजतात आणि फळी मागे वेगाने फेकली जाते. म्हणून गाडीच्या पुढे अथवा मागे कोणीही उभे राहू नये.

ताणलेला दोर म्हणजे साठलेली ऊर्जा

हे उपाय थकले की दोराची पाळी येते. येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. ताणलेला दोर केवळ ओढ पोहोचवीत नाही, तर तो ऊर्जा साठवितो. धनुष्याची दोरी ओढणाऱ्याचे श्रम बाणाच्या वेगात रूपांतरित होतात, तसेच हे आहे. येथील बाण कोणता आणि तो कोणत्या दिशेला सुटणार, हे मात्र कोणास आधी ठाऊक नसते.

माणसांच्या हातांनी ओढलेला दोरही किती भयंकर ठरू शकतो, याचे उदाहरण तैवानमधील तैपेई शहरात २५ ऑक्टोबर १९९७ रोजी घडले. एका उत्सवात सोळाशेहून अधिक लोकांनी रस्सीखेच आरंभिली. इतक्या हातांची ओढ दोराच्या शक्तीबाहेरची होती. दोर तुटला, त्याची टोके झपाट्याने मागे आली आणि दोन पुरुषांचे डावे हात तुटून पडले. तेथे यंत्र नव्हते, मोटार नव्हती. होता तो केवळ ताणलेला दोर.

आता मोटारीचा हिशेब पाहू. दोन टन वजनाची मदतीची गाडी ताशी १० किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे २.८ मीटर गतीने जात आहे. तिची गतिज ऊर्जा सुमारे ७,७०० ज्यूल भरते. वेग दुप्पट केला तर ही ऊर्जा दुप्पट न होता चौपट होते. मागे बांधलेला दोर ताठ झाला की या ऊर्जेला कोठेतरी जावेच लागते.

दोराऐवजी लोखंडी साखळी बांधली असेल आणि ती ताणली जाताना एकूण ५ सेंटीमीटरच वाढली, तर ही सर्व ऊर्जा तेवढ्या अंतरात जिरावी लागेल. हिशेब केल्यास सरासरी ओढ पंधरा टनांहून अधिक येते. ताण शून्यापासून चढत जात असल्यामुळे अखेरच्या क्षणी तो याच्याही सुमारे दुप्पट होईल. एवढा ताण मोटारीचे कोणतेही सामान्य कडे सोसू शकत नाही. साखळी किंवा कडे यांपैकी एक तुटणारच. म्हणून साखळीने किंवा पोलादी तारेच्या दोराने हिसका देणे कधीही क्षम्य नाही.

साखळीच्या जागी नऊ मीटर लांबीचा नायलॉनचा पट्टा असेल आणि तो वीस टक्के, म्हणजे १.८ मीटर ताणला गेला, तर तीच ऊर्जा छत्तीसपट अंतरात जिरते. आता सरासरी ओढ सुमारे ४४० किलोग्रॅम आणि कमाल ओढ पाऊण ते एक टनाच्या दरम्यान राहते. पट्टा आधी ऊर्जा पोटात घेतो आणि मग आखडत जाऊन ती रुतलेल्या गाडीला हळूहळू देतो. गाडी धक्क्याने न निघता जणू उचलल्यासारखी पुढे सरकते. प्रत्यक्षात इंजिनाची ओढ आणि चिखलाचा विरोध यांमुळे आकडे बदलतात. दोहोंमधील भेद मात्र तोच राहतो.

‘देणे’ हा गुण मद्रासच्या नावाड्यांनी मोटारीच्या फार पूर्वी ओळखला होता. बंदर होण्याआधी जहाजांतील माणसे आणि माल मसुला नावाच्या होड्यांतून लाटा ओलांडून किनाऱ्यावर येत असे. या होड्यांच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसून काथ्याने शिवलेल्या असत. किनाऱ्यावर आदळताना शिवण थोडी हलत असे आणि धक्का जिरत असे; ताठ बांधणीची होडी तेथे फुटली असती. नायलॉनचा पट्टा मोटारीसाठी तेच काम करतो.

तथापि नायलॉनच्या या गुणातच त्याचा धोकाही लपलेला आहे. त्याने पोटात घेतलेले हजारो ज्यूल टोक निसटताच मोकळे होतात. त्यांतील केवळ दहावा हिस्सा जरी एक किलोग्रॅम वजनाच्या लोखंडी तुकड्यास मिळाला, तरी तो ताशी सुमारे १४० किलोमीटर वेगाने सुटेल. मोटारीची काच त्याला अडवू शकत नाही. म्हणून पट्ट्याची निवड जितकी महत्त्वाची, तितकेच महत्त्व तो कोठे अडकवावयाचा याला आहे.

पट्टा कोठे अडकवावा?

मालवाहू जोडगाडी, म्हणजे ट्रेलर, जोडण्यासाठी काही मोटारींच्या मागे एक गोल लोखंडी गोळा बसविलेला असतो. तो दिसतो भक्कम आणि पट्टा त्यावर सहज अडकतो. परंतु त्याची घडण संथ, सरळ ओढीसाठी असते, हिसक्यासाठी नव्हे. त्याचा दांडा मोडला की गोळा पट्ट्यासह सुटतो. ऑस्ट्रेलियात अशा रीतीने सुटलेला गोळा काचेतून आत शिरून माणसे दगावल्याची उदाहरणे आहेत. या गोळ्यास सुटकेचा पट्टा लावू नये, हा नियम निरपवाद समजावा.

वाहतुकीच्या वेळी गाडी जहाजावर अथवा मालगाडीवर बांधून ठेवण्यासाठी तिच्या तळाशी लहान कडी असतात. तीही या कामाची नव्हेत. आजच्या पुष्कळ मोटारींबरोबर पुढील भागात फिरवून बसविण्याचे एक कडे येते. ते बंद पडलेली गाडी रस्त्यावरून सावकाश ओढून नेण्यापुरते असते. हिसक्याचा ताण सोसण्यासाठी गाडीच्या मुख्य चौकटीला भक्कम बोल्टांनी जोडलेले आणि भारक्षमता ठरविलेले कडेच लागते. ते नसेल तर हिसक्याचा मार्ग सोडून खोदकाम आणि फळ्या यांवरच भिस्त ठेवावी.

पट्टा आणि कडे जोडण्यासाठी शॅकल वापरतात. शॅकल म्हणजे नालाच्या आकाराचे पोलादी कडे व त्याच्या उघड्या टोकांतून जाणारी आट्यांची खीळ. चांगल्या शॅकलवर त्याची सुरक्षित भारमर्यादा टनांत उठविलेली असते. ज्यावर काहीच लिहिलेले नाही, ते वापरू नये. खीळ पूर्ण आवळून मग किंचित सैल करावी, म्हणजे ताणाने ती जाम होत नाही. दोन पट्टे एकमेकांस जोडावयाचे झाल्यास मध्ये शॅकल कधीही घालू नये. पट्टा तुटल्यास तेच लोखंड प्रक्षेपक बनते. अलीकडे अतिबळकट कृत्रिम धाग्याचे, गाठीने बंद होणारे मऊ शॅकल प्रचारात आले आहेत. ते वजनाने अगदी हलके असल्यामुळे सुटले तरी इजा कमी करतात. मात्र धारदार कडेवर घासल्यास ते कापले जातात.

पट्टा किती बळकट असावा? जितका जाड तितका चांगला, असे सामान्य माणसास वाटते. ते चूक आहे. ऑस्ट्रेलियातील सुरक्षा-मानकानुसार पट्ट्याची तुटण्याची मर्यादा दोन गाड्यांपैकी हलक्या गाडीच्या भारासहित वजनाच्या दुप्पट ते तिप्पट असावी. त्याहून दुबळा पट्टा तुटेल. त्याहून फार बळकट पट्टा पुरेसा ताणला जाणार नाही, साखळीसारखाच ताठ वागेल आणि सर्व धक्का कड्यावर जाईल. ओल्या नायलॉनची शक्ती काहीशी घटते, वाळूचे कण त्याचे धागे आतून कापतात आणि वारंवार ताणल्याने त्याचे ‘देणे’ कमी होते. म्हणून पट्टा वापरल्यावर स्वच्छ पाण्याने धुवावा, सावलीत वाळवावा आणि उसवलेला अथवा चिरलेला दिसताच टाकून द्यावा.

विंच, कप्पी आणि नांगर

हिसका न देता संथ ओढीने गाडी काढण्याचे यंत्र म्हणजे विंच. विहिरीवरील रहाटाचेच ते धाकटे भावंड आहे. रिळावर दोर गुंडाळला जातो आणि इंजिन अथवा विजेची मोटर दातेरी चाकांच्या साहाय्याने ते रीळ हळू फिरविते. मैलापूरच्या कपालीश्वर मंदिराचा प्रचंड रथ पंगुनी उत्सवात शेकडो माणसे दोरांनी ओढतात. त्यांची ओढही हिसक्याची नसून एकवटलेली आणि सावकाश असते आणि रथ आवरण्यासाठी चाकांखाली लाकडी पाचरी घालणारी माणसे सतत सज्ज असतात. मोठा भार हलविताना घाई आणि बळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

किती ओढ लागेल, याचा अदमास आधी घ्यावा. अमेरिकन सैन्याच्या पुस्तिकांतील ठोकताळा असा आहे: चाकांइतकी रुतलेली गाडी काढण्यास तिच्या वजनाएवढी, चाकांवरील पत्र्याच्या कमानींपर्यंत रुतलेली असल्यास दुप्पट आणि त्याहून वर चिखल आल्यास तिप्पट ओढ धरावी. गाडी चढावर असेल तर यात भर पडते.

विंचवर लिहिलेली ओढ रिळावरच्या पहिल्या थरापुरती खरी असते. रिळाची त्रिज्या ३ सेंटीमीटर आणि दोराची जाडी १ सेंटीमीटर असेल, तर पहिल्या थरात दोराच्या मध्यापर्यंतची त्रिज्या साडेतीन सेंटीमीटर असते आणि चौथ्या थरात ती साडेसहा होते. फिरविणारे बळ तेच असल्याने चार टनांची ओढ चौथ्या थरात सुमारे दोन टनांवर येते. म्हणून दोर शक्य तेवढा उलगडून काम करावे. मात्र पाच तरी वेढे रिळावर शिल्लक ठेवावे, नाहीतर दोराचे टोकच निसटेल.

ओढ अपुरी पडली तर कप्पी उपयोगी पडते. विंचचा दोर समोरच्या आधाराला बांधलेल्या कप्पीतून परत आणून आपल्याच गाडीला अडकविला, तर गाडीवर दोन दोरांची ओढ पडते. ओढ जवळजवळ दुप्पट होते आणि वेग निम्मा होतो. थोडासा भाग घर्षणात जातो. येथे एक गोष्ट विसरली जाते. दोन्ही दोरांची ओढ मिळून कप्पीच्या आधारावर येते. विंच दोन टनांनी ओढत असेल, तर कप्पी, तिचा शॅकल आणि तिला धरणारा पट्टा यांवर चार टनांचा भार आहे. विंचच्या आकड्यावर विसंबून हलका शॅकल तेथे घातला, तर तोच प्रथम तुटेल.

आधार म्हणून भक्कम झाड उत्तम. चेन्नईच्या दक्षिणेस समुद्रकाठी सुरूची बने लावलेली आहेत. परंतु वाळूत वाढलेल्या झाडावर आंधळा विश्वास ठेवू नये. पट्टा रुंद घ्यावा, म्हणजे साल कापली जात नाही, आणि तो बुंध्याशी अगदी खाली बांधावा. उंच बांधल्यास तरफेच्या नियमाने झाड उपटण्यास मदत होते. जेथे झाडच नाही तेथे सुटे चाक वाळूत खोल आडवे पुरून त्याला दोर बांधतात. पुरलेल्या चाकापुढील वाळूचा सगळा ढीग त्याला धरून ठेवतो आणि चाक हाच नांगर बनतो.

पोलादी तारेचा दोर १८३४ मध्ये जर्मनीतील खाणींसाठी विल्हेल्म आल्बर्टने प्रथम बनविला. तो घासण्यास आणि उष्णतेस टिकतो. परंतु त्याच्या तुटक्या तारा हात फाडतात आणि तुटल्यावर तो जोराने उलटतो. नवे कृत्रिम दोर पाण्यावर तरंगण्याइतके हलके असतात आणि तुटल्यास कमी उसळतात. ऊन, वाळू आणि उष्णता यांपुढे मात्र ते लवकर खचतात. दोहोंच्याही बाबतीत जाड हातमोजे घालावे आणि दोर रिळात शिरतो तेथून हात दूर ठेवावे.

माणसांनी कोठे उभे राहावे?

साधने कितीही चांगली असली, तरी ती कधीतरी तुटतील असे धरूनच माणसांची जागा ठरवावी. ऑस्ट्रेलियातील याच मानकात एक सोपे माप आहे: न ताणलेल्या पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट अंतराच्या आत कोणीही असू नये. नऊ मीटरच्या पट्ट्यासाठी हे अंतर साडेतेरा मीटर होते. पट्ट्याच्या सरळ रेषेत तर, कितीही दूर असले तरी, उभे राहू नये; ताणलेल्या दोरावरून ओलांडून जाऊ नये. दोन चालक सोडून गाड्यांत दुसरे कोणी नसावे. चेन्नईत काय किंवा पुण्यात काय, रस्त्यावर गाडी अडकली की भोवती माणसांचे कोंडाळे जमते आणि त्यात पुढे मुले असतात. गाडी ओढण्याआधी ही गर्दी मागे हटविणे, हेच त्या वेळी सर्वांत मोठे काम असते.

पट्ट्याच्या मध्यावर जड घोंगडी किंवा मातीने भरलेली पिशवी टाकली, तर तो तुटल्यावर काही ऊर्जा तिला हलविण्यात खर्च होते आणि टोक खाली ओढले जाते. हा उपाय धोका कमी करतो, नाहीसा करीत नाही. गाड्यांतील संकेत एकाच माणसाने द्यावे. पहिला प्रयत्न जवळजवळ शून्य वेगाने करावा; गाडी हलली नाही तर वेग वाढविण्यापूर्वी पुन्हा फावडे हाती घ्यावे.

पुराच्या पाण्यात आणखी काळजी घ्यावी लागते. इंजिनात पाणी शिरले असेल तर ते सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. पाणी हवेसारखे दाबले जात नाही आणि आतील दांडे वाकतात. पाण्याखाली उघडी गटारे असतात, म्हणून दोर बांधण्यास उतरणाऱ्याने काठीने तळ चाचपून पाऊल टाकावे. पाणी चढते आहे असे दिसल्यास गाडीचा नाद सोडून माणसे उंचावर न्यावी. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये मोठ्या पावसाचा इशारा मिळताच वेळच्चेरीतील पुष्कळ रहिवाशांनी आपल्या मोटारी आधीच उड्डाणपुलावर नेऊन उभ्या केल्या. २०१५ चा पूर पाहिलेल्या वस्तीला दोर आणि पट्ट्यांपेक्षा हा उपाय अधिक पटला होता.

गाडी निघाल्यानंतर

गाडी बाहेर आली की दोर गुंडाळून निघून जाण्याची घाई होते. किनाऱ्यावर एक काम उरलेले असते. जानेवारीपासूनच्या महिन्यांत ऑलिव्ह रिडले जातीची कासवे चेन्नईच्या वाळूत अंडी घालण्यास येतात. विद्यार्थी आणि स्वयंसेवक रात्री किनारा चालून ती अंडी सुरक्षित ठिकाणी हलवितात, हे कार्य १९८८ पासून चालू आहे. अंड्यातून निघालेले पिल्लू माणसाच्या तळहातात मावते. चाकाने पाडलेली खोल चाकोरी त्याला दरीसारखी असते. तीत पडलेले पिल्लू समुद्राकडे न जाता चाकोरीतूनच सरपटत राहते आणि ऊन चढले की मरते. मदतकार्यासाठी अथवा नावा ओढण्यासाठी ज्यांना वाहन वाळूवर न्यावेच लागते, त्यांनी परत निघण्यापूर्वी खणलेले खड्डे आणि चाकोऱ्या त्याच फावड्याने बुजवून टाकाव्या. सुटे चाक जेथे पुरले होते तो खड्डा सर्वांत खोल असतो. बुजविण्यास आरंभ तेथून करावा.